सीटची नळी आणि दुसरी सही

रविवार, २ फेब्रुवारी

नवी वही सुरू. मागची इन्व्हर्टर, गिझर आणि शेजाऱ्यांचं फाटक यांच्या दुरुस्तीत संपली. (फाटक अजून नीट लागत नाही, पण तो त्यांच्या भिंतीचा दोष आहे.)

आज जेवताना उर्मिलाने जाहीर केलं की मराठी मंडळाच्या बायका ९ मार्चला सुखना तलावापासून रोझ गार्डनपर्यंत सायकल फेरी काढणार आहेत आणि तिला त्यात जायचं आहे.

मी म्हणालो, "अगं, तुला सायकल कुठे येते?"

"पस्तीस दिवस आहेत," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

सायकल शिकवायचं वचन माझंच. १९९२, जोधपूर, लग्नाला वर्ष झालं होतं. मी अकरा मुद्द्यांचा लेखी अभ्यासक्रम केला होता, जमिनीवर चुन्याची रेघ आखली होती, गळ्यात शिट्टी होती. शिकवण्यात काडीचीही त्रुटी नव्हती. तिसऱ्या दिवशी ती बाभळीत पडली आणि चौथ्या दिवशी माझी बदली आली. मग बरेली, तांबरम, जोरहाट, पुणे, जामनगर, शेवटी चंदिगड. प्रत्येक ठिकाणी मी म्हणालो, पुढच्या पोस्टिंगला नक्की. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन आता पाच वर्षं झाली, एयरोसिटीत स्वतःचं घर झालं, पुढचं पोस्टिंग उरलंच नाही. हे लिहिताना लाज वाटते. यावेळी वचन पाळणार म्हणजे पाळणार.

सायकल घरात आहे. ऋग्वेदची. चिरंजीव कॅनडात, उंची सहा फूट, त्यामुळे सीट पार वर. उर्मिला चार फूट अकरा इंच. सीट खाली केली की झालं. अंदाजे वेळ वीस मिनिटं. उद्या करतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

वीस मिनिटं पुरली नाहीत.

सीटखालचा बोल्ट निघाला, पण ज्या नळीवर सीट बसते ती नळी फ्रेममधून हलायला तयार नाही. वर नाही, खाली नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी पाहताक्षणी निदान केलं: फ्रेम पोलादाची, नळी ॲल्युमिनियमची, आणि मध्ये जामनगरची खारी हवा. दोन धातू एकमेकांना गंजून चिकटतात. विमानात हेच पाहत माझी छत्तीस वर्षं गेली.

हे सगळं मी उर्मिलाला चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. इतकं लक्ष देऊन तिने माझं कधी ऐकल्याचं आठवत नाही.

मी म्हणालो, "नवी घेऊन टाकू का?"

"नवी नको. ऋग्वेदचीच हवी. आणि सीट तुम्हीच काढायची, दुसऱ्या कुणी नाही. सावकाश करा हो, मला घाई नाही."

चौतीस वर्षांनी का होईना, बायकोला आपल्या कौशल्याची किंमत कळते तेव्हा बरं वाटतं. तेल सोडलं. चोवीस तास मुरू देणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तेल मुरलं. नळी जशीच्या तशी.

सायकलची लॉगबुक शोधतोय. आमच्याकडे सवयच तशी आहे: विमानाला हात लावला की लिहायचं. काय केलं, कुणी केलं, कुणी तपासलं. दोन रकाने, दोन सह्या, आणि दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत. घरातही मी ती पद्धत ठेवली होती. सायकलच्या कामावर माझी सही 'काम करणार' या रकान्यात, उर्मिलाची 'तपासणार'मध्ये. ती हसायची, पण करायची.

"लॉगबुक कुठल्या ट्रंकेत आहे?" मी विचारलं.

"काय की," ती म्हणाली. "बावीस ट्रंका आहेत."

हिला बावीसही ट्रंकांची यादी तोंडपाठ असते. झारा कुठल्या ट्रंकेत आणि ऋग्वेदचं पहिलं टोपडं कुठल्या, झोपेतून उठवून विचारा. आता आठवेना म्हणजे वय झालं. लॉगबुकवाचून माझं अडतंय थोडंच!

शनिवार, ८ फेब्रुवारी

उर्मिलाने सकाळी फिरायला जायला सुरुवात केली आहे. सोबतीला वरच्या मजल्यावरची भाडेकरू मेघना. अकोल्याची मुलगी, आयटी पार्कला नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. चांगली पोर आहे, पण जरा विचित्र. फिरायला निघते आणि स्वतःची सायकल हातात धरून नेते. मी विचारलं तर म्हणाली, "काका, वो... हाताचा व्यायाम असतो." पायात स्लिपर. बूट उर्मिलाच्या पायात. कुणाला काय सांगणार.

आज सीटच पकडून जोर लावला. सीट मोडून हातात आली. नळी जागच्या जागी. म्हणजे प्रगती आहे, आता नळी पकडायला जागा मोकळी झाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उर्मिलाच्या कोपराला खरचटलंय. माळ्यावरची लॉगबुक शोधताना शिडीवरून घसरली म्हणे. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. माझ्या कामापायी तिने असा जीव धोक्यात घालू नये. मनातून भरून आलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचा दिवस ऐतिहासिक.

ॲल्युमिनियम थंडीत पोलादापेक्षा जास्त आकसतं. म्हणून नळी खूप गार करायची, ती बारीक होणार आणि सुटणार. साधा बर्फ काल वाया गेला. हवा कोरडा बर्फ. तो कुठे मिळतो? झिरकपूरच्या मॅरेज पॅलेसमध्ये! नवरी स्टेजवर येते तेव्हा पायाशी ढग सोडतात ना, तो त्याचाच. तिथला मॅनेजर भला माणूस निघाला. सीट काढायची आहे म्हटल्यावर त्याने दोनदा खात्री करून घेतली की लग्न नाहीये ना, आणि थर्माकोलचं खोकं भरून दिलं.

पोर्चमध्ये नळीभोवती तो बर्फ बांधला, वर अतिउत्साहात गरम पाणी शिंपडलं. धूर! पोर्च गायब, गाडी गायब, मी स्वतःचे हात शोधत होतो. गल्लीचा चौकीदार बादली घेऊन धावला. समोरच्या भाटिया आंटी गच्चीवरून ओरडल्या, "वीर जी, शादी है? बताया भी नहीं!"

त्या ढगात घंटीचा आवाज आला. मग उर्मिला ढगातून बाहेर आली, मेघनाची सायकल हातात धरून, तोंड लाल, आणि तिच्यामागे बऱ्याच अंतराने मेघना धापा टाकत पळत. आजकालच्या मुलांना दम म्हणून नाही. साठीला टेकलेली बाई पुढे आणि ही मागे.

नळी? अजून तिथेच. पण उर्मिला पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तिचं हसू पाहून मीही. आम्ही दोघं असं शेवटचं केव्हा हसलो होतो? बहुधा तांबरमला, माकडाने माझी टोपी नेली तेव्हा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

उर्मिलाने स्वयंपाक करता करता विचारलं, "अहो, उतारावर आधी मागचा ब्रेक दाबायचा की पुढचा?"

मी तिला तास दीड तास उत्तर दिलं. आकृती काढली. भाजी करपली. शिकण्याची एवढी ओढ आणि आपण अजून सीटवर अडकलोय. रोज दिवस मोजतोय. अठरा उरले.

रविवार, २३ फेब्रुवारी

सायकल गाडीत घालून मोहालीत बलकार सिंगकडे नेली. सत्तरीचा माणूस, दुकानात पोलादी पकड एवढी मोठी की तिच्यात म्हैस धरावी. सायकल उलटी केली, नळीला चामडं गुंडाळून पकडीत आवळली, आणि आम्ही दोघांनी अख्खी फ्रेम दोन बाजूंनी धरून फिरवली. नळी फिरली नाही. पकड बसवलेलं टेबलच जमिनीतून उखडून आमच्यासोबत फिरलं. बलकार सिंग हसत हसत खाटेवर आडवा झाला.

मग चहा झाल्यावर म्हणाला, "साब जी, इक्को इलाज। कट्ट देओ। नहीं तां कास्टिक पा देओ, नळी घुल जाऊ।"

म्हणजे नळी करवतीने कापायची, नाहीतर कास्टिक सोड्याने विरघळवायची. दोन्ही बरोबर आहे. कुणीही तेच करेल. पण मी नाही म्हणालो.

त्या नळीवर खिळ्याने ओढलेल्या पाच रेघा आहेत. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. ऋग्वेदच्या प्रत्येक वाढदिवसाला आम्ही सीट वर करायचो आणि मी रेघ ओढून आकडा कोरायचो. लोकांच्या घरी मुलांची उंची भिंतीवर असते. आमच्या भिंती दर तीन वर्षांनी बदलायच्या, म्हणून मी ती नळीवर ठेवली. ती कापायची म्हणजे मला नाही जमणार.

बलकार सिंगला रेघा दाखवल्या. त्याने चहाचा दुसरा ग्लास दिला आणि टेबल परत बसवायला लागला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उर्मिलाच्या सलवारीच्या उजव्या पायाला काळं ग्रीस. मी म्हणालो, "माझ्या सामानात पाय घातलास वाटतं." ती म्हणाली, "हो ना, किती पसारा करता तुम्ही." खरंय. पोर्च आवरला.

मंगळवार, ४ मार्च

पाच दिवस उरले. सुचेल ते सगळं करून झालं. आज पोर्चमध्ये नुसताच बसून राहिलो. उर्मिला चहा घेऊन आली.

मी स्पष्टच बोललो. "माझ्याच्याने होत नाहीये. आठव्यांदा वचन मोडणार मी."

तिने कप माझ्या हातात दिला. मग सहज आठवल्यासारखं म्हणाली, "लॉगबुक बघा ना. ट्रंक नंबर नऊ. गरम कपड्यांखाली, डाव्या कोपऱ्यात."

"आठवलं तुला?"

"आत्ताच."

गुरुवार, ६ मार्च

काल दिवसभर ट्रंक नऊचं कुलूप उघडत नव्हतं (उर्मिलाकडे किल्ली मागणं माझ्यात बसत नाही; तेल, मग हातोडी). आज लॉगबुक मिळाली. पहिल्याच पानापासून वाचत आलो आणि या नोंदीवर थांबलो:

"१४ नोव्हेंबर २०१२, जामनगर. सीट घसरते अशी ऋग्वेदची तक्रार. नळीला हिरवं रिटेनिंग कंपाउंड लावलं. आता ही सीट जन्मात हलणार नाही. काम करणार: विश्वास. तपासणार: उर्मिला."

बेअरिंग कायमचं बसवायला लावतात ते चिकटद्रव्य. मी! स्वतःच्या हाताने! गंज नव्हताच. खारी हवा निर्दोष. एक महिना मी गंजाशी लढलो आणि शत्रू माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. त्यात त्या चिकटद्रव्यावर थंडीचा काही परिणाम होत नाही. ते सुटतं फक्त उष्णतेने. आणि मी झिरकपूरहून ढग आणत होतो!

एकटाच एवढा हसलो की ट्रंकेचं झाकण बोटांवर पडलं.

नोंदीखाली उर्मिलाचीही सही आहे, म्हणजे हे तिलाही ठाऊक होतं. पण बिचारी साफ विसरली असणार. तिला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून मी हा विषय काढणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च

सुटली! सुटली! सुटली!

बलकार सिंगची हीट गन आणली, रंग काढायला वापरतात ती. दहा मिनिटं फ्रेम तापवली. लाल रंगाला फोड आले, भयंकर वास सुटला, भाटिया आंटी पुन्हा गच्चीत आल्या. मग पाइप पाना लावला, डोळे मिटले आणि जोर दिला. कट्ट असा आवाज. माझं हाड मोडलं की नळी सुटली हे क्षणभर कळेना. नळी होती! लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली. पाचही रेघा शाबूत.

मी उर्मिलाला पोर्चमध्येच उचलायला गेलो. जमलं नाही, पण दोघंही पडलो नाही हे विशेष. मेघना वरून टाळ्या वाजवत होती. ऋग्वेदला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तो अर्धवट झोपेत म्हणाला, "बाबा, ग्रेट. पर हुआ क्या?"

नवी सीट लावून नळी खाली केली. बरोबर बाराच्या रेघेवर आली. उर्मिलाची उंची म्हणजे सहावीतला ऋग्वेद. ती रेघेवरून बोट फिरवत राहिली. मी पाने आवरायला लागलो.

ती आत गेल्यावर एक गोष्ट केली, फक्त या वहीत लिहितो. फेरीत सीट घसरली तर? म्हणून त्याच हिरव्या चिकटद्रव्याचे दोनच थेंब लावले. दुसऱ्या सहीसाठी थांबलो नाही. एवढ्याशा कामाला काय तपासायचं!

शनिवार, ८ मार्च

आनंद ओसरला. सीट उतरली, पण सायकल शिकवायला दिवस कुठे आहे? शिट्टी शोधून काढली. अकरा मुद्दे पुन्हा लिहिले, मग कापून चार केले. उर्मिलाला म्हटलं, चल, निदान आजचा दिवस. ती म्हणाली, "आज नको, अंग मोडेल. उद्या तिथेच बघू." ती फेरीत सायकल हातात धरून चालणार, बाकीच्या पुढे निघून जाणार, आणि हे सगळं माझ्यामुळे. जोधपूरला एक आठवडा आणखी मिळाला असता तर!

रविवार, ९ मार्च

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी सातला सुखनाच्या पार्किंगपाशी चोवीस बायका, त्यात मेघनाही. उर्मिला सीटवर बसली. मी मागून सीट धरली, शिट्टी तोंडात. म्हटलं, "मुद्दा पहिला, नजर समोर." तिने पायडल मारलं. मी सोबत पळालो. दहा पावलं, वीस पावलं, मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात सीट नाही. ती पुढे गेली होती. सरळ! वळणावर हात दाखवून वळली! घंटी वाजवून दोन जणींना मागे टाकलं! मी सायकल ट्रॅकवर शिट्टी वाजवत पळत होतो आणि सकाळी फिरायला आलेले लोक मला वाट करून देत होते.

मी मेघनाला म्हणालो, "बघितलंस? तेहतीस वर्षांपूर्वी शिकवलेलं! पाया पक्का असला की असं होतं." मेघना हेल्मेटचा पट्टा नीट करत दुसरीकडे बघत होती.

रोझ गार्डनला मी गाडीने पोचलो तेव्हा उर्मिला कधीच येऊन गवतावर बसून संत्रं खात होती. एवढी खूश मी तिला क्वचित पाहिली असेल. मला एक फोड दिली.

घरी आल्यावर म्हटलं, आजची नोंद लॉगबुकमध्ये व्हायलाच हवी. वही हातातून निसटली आणि उलटी पडून मागच्या बाजूने उघडली. मागच्या पानांवर उर्मिलाचं अक्षर.

"३ फेब्रुवारी. सीट का अडकली ते मला आठवतंय. सांगत नाही. महिनाभर पोर्चमध्ये रमू दे त्यांना. मला शिट्टीशिवाय शिकायचंय. ४ फेब्रु. मेघनाची सायकल. पाच पावलं. काम करणार: उर्मिला. तपासणार: मेघना. ११ फेब्रु. पडले, कोपर. रडले नाही. १६ फेब्रु. अख्खी गल्ली एकटीने! त्यांच्या ढगात शिरले, त्यांना दिसलं नाही. २७ फेब्रु. विमानतळाच्या रस्त्याने जाऊन आले. ४ मार्च. त्यांचा चेहरा बघवेना. ट्रंक सांगितली."

प्रत्येक नोंदीला दोन सह्या. माझी पद्धत, तंतोतंत.

राग यायला हवा होता. मी ट्रंकेवर बसलो आणि एकेक ओळ पुन्हा वाचली. शिट्टीशिवाय. तेहतीस वर्षं मला वाटत होतं की वचन बदल्यांमुळे राहिलं. तिने एकदाही आठवण का केली नाही, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. गळ्यातली शिट्टी काढून ट्रंक नऊमध्ये टाकली. गरम कपड्यांखाली, डाव्या कोपऱ्यात.

उर्मिला दारात उभी होती. वही माझ्या हातात बघून जराशी बिचकली.

मी म्हणालो, "विमानतळाच्या रस्त्याने? ट्रकवाले असतात तिथे."

"पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक एकदम दाबले," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

मग ती आत येऊन माझ्याशेजारी ट्रंकेवर बसली. "आता एक काम आहे. सीट एक इंच वर करून द्या. फार खाली आहे, गुडघे हँडलला लागतात."

मी ट्रंकेची कडी चाचपली.

"अहो."

मी छताकडे बघितलं.

"अहो! लावलंत पुन्हा?"

"दोनच थेंब," मी म्हणालो.

"आणि तपासलं कुणी?"

"कुणीच नाही."

ती हसायला लागली ती थांबेना. मग मीही. मेघना जिन्यातून डोकावून गेली, भाटिया आंटी गच्चीत आल्या.

उर्मिलाने उठून ओढणी कमरेला खोचली आणि पोर्चमध्ये जाऊन हीट गन उचलली. मी सवयीने हात पुढे केला, तर तिने ती दिली नाही. लॉगबुकचं कोरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तारीख घातलेली होती. काम करणार, उर्मिला. पुढचा रकाना रिकामा होता, आणि तिने माझ्या हातात पेन दिलं.

"तुम्ही फक्त बघायचं," ती म्हणाली. "आणि सगळं झाल्यावर सही करायची."

सीट आता तेराच्या रेघेवर आहे. मी शेवटपर्यंत एक शब्द बोललो नाही. नीट बघितलं आणि सही केली.